आठ बुद्धिमत्ता, दहा बोटं आणि चौथीतला एक मुलगा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही तपासता येईल. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. शाळेत एका कंपनीची माणसं आली, दहाही बोटांचे ठसे घेऊन गेली. तुम्ही साडेतीन हजार रुपये भरले आणि जाडजूड रंगीत अहवाल घरी आला. त्यात संगीत आणि शारीरिक बुद्धिमत्ता सगळ्यांत वर, भाषा आणि तर्क-गणित अगदी तळाला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "तो हालचालीतून शिकणारा मुलगा आहे, वाचनाचं फार मनावर घेऊ नका." त्याचे बाबा म्हणताहेत की शिष्यवृत्तीचा क्लास बंद करू आणि तबल्यालाच वेळ देऊ. आजीचं म्हणणं, आमच्या वेळी असले ठसे फक्त खरेदीखतावर घ्यायचे. आणि तुम्ही विचारताय की हा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत खरा मानायचा का आणि अहवालात लिहिलंय तसं वागायचं का.

मी पुण्यातल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून चोवीस वर्षं काम करतेय. घाई असेल तर एवढंच वाचा: अहवाल कपाटात ठेवा, तबला चालू ठेवा, गणित सोडू नका, आणि याच महिन्यात मुलाच्या वाचनाची तपासणी करून घ्या. यातली शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिच्यापर्यंत यायला जरा लांबून यावं लागेल.

हॉवर्ड गार्डनर हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. तरुणपणी त्यांचं काम दोन ठिकाणी चालायचं. एकीकडे ते मुलांच्या कलेचा, चित्रांचा, गोष्टींचा अभ्यास करत आणि दुसरीकडे बॉस्टनमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात मेंदूला इजा झालेली माणसं तपासत. या दुसऱ्या कामातून त्यांना जे दिसलं ते सिद्धांताचं बीज. पक्षाघातानंतर एखाद्याची वाचा पार जाते, पण तो सुरात गुणगुणू शकतो. एखादा अस्खलित बोलतो, पण स्वतःच्या घराचा रस्ता चुकतो. रशियन संगीतकार शेबालिन यांचं उदाहरण या विषयात नेहमी येतं. पक्षाघाताच्या झटक्यांनी त्यांची भाषा जवळजवळ गेली, समोरच्याचं बोलणं धड समजेना, तरी त्यांनी त्यानंतर पाचवी सिंफनी लिहून पुरी केली. बुद्धी ही एकच सलग वस्तू असती तर ती अशी एका कोपऱ्यात फुटून दुसऱ्या कोपऱ्यात शाबूत कशी राहिली असती, असा गार्डनर यांचा सवाल होता.

१९८३ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी सात बुद्धिमत्ता मांडल्या: भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, शारीरिक, अवकाशीय, माणसं ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची. पुढे नव्वदच्या दशकात आठवी आली, निसर्गाची जाण. 'आपण कोण, कशासाठी जगतो' असल्या प्रश्नांशी झुंजणारी नववीही त्यांच्या मनात होती, पण तिचा पुरावा त्यांना पुरेसा वाटला नाही. म्हणून ते थट्टेनं 'साडेआठ' म्हणतात. ही यादी त्यांनी मनाला येईल तशी केलेली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी आठ कसोट्या लावल्या होत्या: मेंदूच्या इजेत ती क्षमता वेगळी पडते का, फक्त त्याच एका बाबतीत विलक्षण असणारी माणसं सापडतात का, उत्क्रांतीत तिचा माग लागतो का, अक्षरं, आकडे, स्वरलिपी अशी तिची स्वतःची चिन्हं आहेत का, वगैरे. बोटांचे ठसे मात्र या आठांत कुठेही नाहीत.

खरं सांगायचं तर मराठी माणसाला हा सिद्धांत ऐकून धक्का बसायचं कारण नव्हतं. आपली भाषाच बघा. 'तिला गाण्याचा कान आहे', 'त्याचा हात वळतो', 'गणितात गती आहे', 'माणसांची पारख आहे', 'झाडापेडांची जाण आहे'. कान, हात, गती, पारख, जाण. प्रत्येक गोष्टीला आपण वेगळा शब्द ठेवलाय. गोची एवढीच की 'हुशार' हा शब्द मात्र आपण मार्कांसाठी राखून ठेवला. आणि उरलेल्यांसाठी 'ढ'. ब्राह्मी लिपीपासून सगळी अक्षरं बदलत गेली, ढ तेवढा होता तसाच राहिला, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ढ म्हणायचं, अशी त्याची कथा सांगतात. अक्षराला हसू नये, पण वर्गात ज्याला ढ म्हणून हाक मारली जाते तो मुलगा चाळिशीतही ती हाक विसरत नाही. माझ्यासमोर बसलेल्या वडिलांपैकी कितीतरी जणांनी मला ते सांगितलंय.

पुण्यात तर गार्डनर यांच्या आधीच बुद्धीचे अनेक पैलू मानणारी परंपरा सुरू झाली होती. ज्ञान प्रबोधिनीची स्थापना १९६२ सालची, आप्पा पेंडसे यांची. तिथल्या मानसशास्त्र विभागात गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या आराखड्यावर चाचण्या बेतल्या गेल्या. गिलफर्डनं बुद्धीचे आशय, क्रिया आणि फलित अशा तीन बाजूंनी भाग पाडून एकशेवीस क्षमतांची चौकट मांडली होती. तेव्हा बुद्ध्यंक नावाच्या एका आकड्यावर समाधान न मानणारे गार्डनर काही पहिले नव्हेत. शिकागोत थर्स्टन यांनी १९३८ मध्येच सात प्राथमिक क्षमता सांगितल्या होत्या.

मग भांडण कशावर आहे? भांडण आहे 'स्वतंत्र' या शब्दावर. गार्डनर म्हणतात, या बुद्धिमत्ता एकमेकींपासून बऱ्याच स्वतंत्र आहेत. आणि इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन यांनी १९०४ सालीच दाखवून दिलं होतं की जी मुलं एका बौद्धिक कामात पुढे असतात ती सरासरीनं बाकीच्या कामांतही थोडी पुढे असतात. हे निरीक्षण पुढे इतक्यांदा पडताळलं गेलं की मानसशास्त्रात याहून टिकाऊ निष्कर्ष फार थोडे असतील. २००६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी गार्डनर यांच्या आठही बुद्धिमत्तांसाठी प्रत्येकी दोन चाचण्या निवडून दोनशे प्रौढांना दिल्या. भाषा, तर्क, अवकाश, निसर्ग आणि माणसांची समज यांचे गुण एकमेकांशी चांगलेच जोडलेले निघाले. संगीत, शरीर आणि स्वतःची ओळख एवढेच सैल राहिले. म्हणजे भिंती आहेत, पण गार्डनर म्हणतात तेवढ्या जाड नाहीत. गार्डनर यांचं उत्तर असं की कागदावरच्या चाचण्या मुळात भाषा आणि तर्काच्याच चष्म्यातून बघतात. त्यात तथ्य आहे, पण मग दुसऱ्या प्रकारे मोजून दाखवायची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतोच, आणि चाळीस वर्षांत त्याचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. 'बुद्धिमत्ता'ऐवजी 'गुण' किंवा 'कौशल्यं' असा शब्द वापरला असता तर या पुस्तकाकडे एवढं लक्ष गेलं नसतं, हे स्वतः गार्डनर यांनीच कबूल केलंय. मला त्यांचा तो प्रांजळपणा आवडतो.

तर माझं मत असं: मुलाला काय काय द्यावं आणि मुलात काय काय बघावं, हे आठवण करून देणारी यादी म्हणून हा सिद्धांत उत्तम. मोजपट्टी म्हणून तो कधी बनलाच नव्हता. त्यावरून मुलांची टक्केवारी काढणं म्हणजे ताटातल्या पदार्थांची यादी वाचून जेवणाऱ्याचं वजन सांगण्यासारखं आहे.

आता ठशांकडे येऊ. बोटांवरच्या रेषा गर्भात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास उमटायला लागतात, पाचव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात आणि मग जन्मभर बदलत नाहीत. कंपन्यांचा युक्तिवाद असा असतो की त्वचा आणि मेंदू गर्भातल्या एकाच बाह्यस्तरातून तयार होतात, म्हणून रेषांत मेंदूचा नकाशा असतो. पहिला अर्धा भाग खरा आहे. पण केस आणि नखंही त्याच स्तरातून येतात. केसांच्या भांगावरून कोणी गणितातली गती सांगत नाही. काही जनुकीय स्थितींत, उदाहरणार्थ डाउन सिंड्रोममध्ये, तळहाताच्या रेषांची ठेवण वेगळी असू शकते आणि डॉक्टर तिची नोंद घेतात. या एका खऱ्या धाग्यावर अख्खी पैठणी विणलेली असते. देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं, या ठसे-चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट निवेदन काढलंय. आजींचा शेरा त्यापेक्षा थोडक्यात आहे.

आणि साधं तर्कानं बघा. रेषा पाचव्या महिन्यातच पक्क्या झाल्या असतील, तर तुमच्या मुलानं दोन वर्षं तबला शिकून मिळवलेलं काहीच त्या अहवालात येणं शक्य नाही. मग 'संगीत वर' हे त्यांना कसं कळलं? अशा अहवालांत तीन-चार गोष्टी वर आणि दोन-तीन खाली असतातच. वरच्यातली एखादी जुळली की आपण मान डोलावतो. रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य वाचताना होतं तेच.

गार्डनर यांनी स्वतः मुलांना कसं पाहिलं ते ऐका. ऐंशीच्या दशकात त्यांच्या गटानं बालवाडीच्या मुलांबरोबर एक प्रकल्प केला. स्वयंपाकघरातलं हातानं फिरवायचं दळणयंत्र मुलांपुढे ठेवायचं आणि ती ते कसं उघडतात, परत कसं जोडतात ते बघायचं. खेळण्यातली बस थांब्याथांब्यावर न्यायची, किती चढले किती उतरले याचा हिशोब मूल डोक्यात ठेवतं का ते बघायचं. बाहुल्या, प्राणी, गुहा मांडून गोष्ट सांगायला लावायची. हे वर्षभर, मूल खेळत असताना. दहा मिनिटांत स्कॅनरवर बोटं टेकवून घेण्याशी याचं काय नातं?

वर्गशिक्षिकांनी सांगितलेली 'हालचालीतून शिकणारा' ही गोष्ट आणखी वेगळी. कोणी बघून शिकतं, कोणी ऐकून, कोणी हातानं, आणि ज्याची जी शैली त्याला तसंच शिकवावं, असं मानणारी ही अध्ययनशैलींची कल्पना बीएडच्या वर्गांत आणि शिक्षक-प्रशिक्षणांत सर्रास शिकवली गेली, त्यामुळे बाईंना दोष देत नाही. पण २००८ मध्ये अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन एकत्र करून तपासलं, तेव्हा शैलीप्रमाणे शिकवल्यानं मूल जास्त शिकतं याचा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. आणि गार्डनर यांनी २०१३ साली जाहीर लेख लिहून सांगितलं की माझा सिद्धांत आणि अध्ययनशैली या एक नव्हेत, कृपा करून गल्लत करू नका. त्याच्याही आधी, ऑस्ट्रेलियातल्या एका राज्यात कोणत्या वंशाच्या मुलांत कोणती बुद्धिमत्ता असते याची यादी करून शिक्षणयोजना आखली गेली, तेव्हा टीव्हीवर जाऊन तिचा निषेध करायची वेळ त्यांच्यावर आली होती.

हे सगळं मी शहाणपणानं सांगतेय असं वाटत असेल तर माझीच एक गोष्ट सांगते. २००४ साल असेल. माझ्या खोलीत भिंतीवर आठ पाकळ्यांचं एक मोठं कमळ होतं, कार्डशीटचं, मीच कापलेलं. मुलाशी दोनतीनदा बोलले की त्याच्या नावाची चिठ्ठी त्या त्या पाकळीवर. पालक ते बघून खूश व्हायचे, मीही. चौथीतली एक मुलगी होती, गोड गळ्याची. एकदा ऐकलेली बंदिश घरी जाऊन तशीच्या तशी म्हणायची. तिची आई वाचनाची तक्रार घेऊन आली. मी तिला कमळ दाखवलं आणि म्हटलं, "अहो, तिची वाट सुरांची आहे. वाचनाचा धोशा लावू नका, येईल तेव्हा येईल."

सातवीत ती मुलगी परत माझ्यासमोर आली. इतिहासाच्या पुस्तकातला उतारा दिला तर अक्षर अक्षर जुळवत होती. जोडाक्षर आलं की थांबायची, पहिल्या अक्षरावरून अंदाजानं शब्द ठोकून द्यायची. तपासणी झाली तेव्हा वाचन-अक्षमता (डिस्लेक्सिया) निघाली, बुद्धी सरासरीपेक्षा वर. मग लक्षात आलं की ती गाणी कधीच वहीतून शिकत नव्हती. तिला ती वाचताच येत नव्हती, म्हणून कान इतका तयार झाला होता. ज्याला मी तिची देणगी म्हणाले तो निम्मा तिचा आडमार्ग होता. आई एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना?" तीन वर्षं गेली होती. ते कमळ मी त्याच आठवड्यात उतरवलं.

आता तुमच्या मुलाकडे. तुम्ही एक वाक्य ओझरतं लिहिलंय: रात्री झोपताना तो धाकट्या बहिणीला स्वतः रचून गोष्टी सांगतो, रोज नवी, पण पुस्तकातली चार ओळींची कविता वाचायला पाच मिनिटं लावतो. हे एक वाक्य त्या अख्ख्या अहवालापेक्षा मोलाचं आहे. रोज नवी गोष्ट रचणाऱ्या मुलाची भाषिक बुद्धिमत्ता तळाला? शब्द, क्रम, पात्रं, पुढे काय होणार याची उत्सुकता टिकवणं, हे सगळं भाषेचंच काम आहे. त्याला भाषा येते. त्याला अडतं ते छापलेल्या खुणांचा आवाज करायला. भाषा आणि वाचन या दोन गोष्टी आहेत. माणूस लाखो वर्षं बोलतोय आणि जेमतेम पाच हजार वर्षं लिहितोय, त्यामुळे वाचनासाठी मेंदूत जन्मतः तयार जागा नसते, ती प्रत्येक मुलाला शिकून घडवावी लागते. काहींची ती सहज घडते, काहींची अडखळते. अडखळणाऱ्यांत चांगली बुद्धी असलेली मुलं भरपूर असतात.

वहीचा जो फोटो तुम्ही पाठवलात त्यात 'सूर्य पूर्वेला उगवतो' हे वाक्य 'सुय पुवेला उगतो' असं लिहिलंय. दोन्ही शब्दांतला रफार गायब, 'उगवतो'मधला 'व' गायब. खाली 'भाजी'ची 'माजी' झालीये, 'घर' एकदा 'धर' झालंय. एका पानावरून निदान करता येत नाही आणि मी करतही नाही. घाईनं लिहिणारी मुलंही रफार खातात. पण चौथीच्या शेवटी हे सातत्यानं होत असेल, मोठ्यानं वाचताना तो ओळ सोडत असेल आणि तोंडी परीक्षेत त्याचे मार्क लेखीपेक्षा बरेच जास्त असतील, तर 'त्याची बुद्धिमत्ता वेगळी आहे' म्हणून सोडून देणं परवडणारं नाही. वहीतलं गणित खरोखर कच्चं असेल तर त्याचं कारणही कदाचित इथेच सापडेल. चौथीतली निम्मी गणितं शाब्दिक उदाहरणं असतात. उदाहरण वाचताच आलं नाही तर गणित येतं की नाही हे कळणार कसं? आज घरी एक प्रयोग करा. पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि तोंडी उत्तर विचारा. फरक पडला तर तो लिहून ठेवा.

तबल्याचं म्हणाल तर तो सोडू नका, पण त्याच्याकडून गणिताची अपेक्षा जपून ठेवा. याबद्दल एक प्रसंग. मागच्या वर्षी माझ्याकडे पाचवीतला एक मुलगा यायचा, तोही तबला शिकणारा. सोळा भागिले चार कागदावर लिहून दिलं की गप्प. मी म्हटलं, "बरं, तीनतालात तिहाई कशी बसवतोस?" (तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून शेवटचा ठोका समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा.) टेबलावरच सुरू झाला: तिट कत गदि गन धा, एक मात्रा थांबला, पुन्हा तिट कत गदि गन धा, पुन्हा थांबला, आणि तिसरा धा नेमका समेवर. मी विचारलं, "किती मात्रा झाल्या?" बोटांवर मोजून म्हणाला, "सतरा." मी मुद्दाम म्हटलं, "चुकलास, तीनताल सोळा मात्रांचा." त्यानं माझ्याकडे जी दया दाखवणारी नजर टाकली ती विसरता येत नाही. "मॅडम, सतरावी म्हणजे पुढची सम. पाच, एक, पाच, एक, पाच."

आता सांगा, हा मुलगा गणितात कच्चा? आणि तरीही पुढच्या मिनिटाला त्यानं सोळा भागिले चारचं उत्तर दोन लिहिलं. सिद्धांताच्या उत्साही भाषणांत या दुसऱ्या वाक्यापर्यंत कोणी येत नाही. तबल्यातला हिशोब आपोआप वहीत उतरत नाही. पूल बांधावा लागतो. आम्ही चौकटीच्या वहीत एका मात्रेला एक घर असं आवर्तन काढलं, चारचार घरांचे चार विभाग रंगवले, टाळी-खाली लिहिली, मग त्याच चित्राच्या खाली भागाकाराची मांडणी. तीन आठवडे लागले. आणि त्यानंतरही सातनं भागायला सातचा पाढा पाठच करावा लागला, त्याला तबल्यात पळवाट मिळाली नाही. गार्डनर याला प्रवेशद्वारं म्हणतात: एकाच कल्पनेकडे गोष्टीतून, आकड्यांतून, हातानं करून, सुरातून जाता येतं, आणि जितकी दारं उघडाल तितकी कल्पना पक्की. ही सगळी दारं सगळ्या मुलांसाठी असतात. 'हा मुलगा तबल्याचा, याला तेवढंच दार' असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

म्हणून बाबांना माझ्यातर्फे सांगा: नऊ वर्षांच्या मुलाचं कुठलंही दार बंद करायची वेळ अजून आलेली नाही. शिष्यवृत्तीचा क्लास बंद करायचा असेल तर तो मुलगा थकतो म्हणून खुशाल करा. अप्पा बळवंत चौकातून आणलेले सरावसंच काही पळून जात नाहीत. त्या परीक्षेतल्या 'बुद्धिमत्ता चाचणी' या विभागाचंही दडपण घेऊ नका. आकृत्यांची मालिका, विसंगत पद ओळखा, सांकेतिक भाषा, हे सगळं सरावानं सुधारतं, आणि जे क्लास लावून सुधारतं त्याला बुद्धिमत्ता म्हणायचं का, हा विचार तुम्हीच करा.

तपासणीबद्दल थोडं. आधी डोळे आणि कान, हे अगदी साधं, तरी निम्म्या घरांत राहून जातं. मग वाचन-लेखनाची तपासणी आणि त्याबरोबर बुद्ध्यंकाची चाचणी. बुद्ध्यंक म्हटल्यावर दचकू नका. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली ती शाळेत ज्यांना जास्त मदत लागेल अशी मुलं शोधायला. मुलांना उतरंडीवर लावायचं काम नंतरच्यांनी केलं. ती चाचणी कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतरित केली, तीसच्या दशकात, धारवाडमध्ये. दुसरी नेहमीची चाचणी नागपूरच्या मालिन यांची, भारतीय मुलांसाठी बेतलेली. या चाचण्यांचे आकडे जुने आहेत, त्यांच्यावर टीका होते आणि ती रास्त आहे. पण इथे आकडा हवाय तो एकाच कामासाठी: मुलाची समज आणि मुलाचं वाचन यांच्यात दरी आहे का, असली तर किती. चाचणी मराठीतून घ्या म्हणून आग्रह धरा. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी मूल गोष्टी ज्या भाषेत रचतं त्या भाषेत त्याची समज बघायला हवी.

अध्ययन-अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडण्याचं, निदान साधारण वयाच्या आठ वर्षांनंतर खात्रीनं करता येतं, म्हणजे तुम्ही उशीर केलेला नाही. निदान झालं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून मिळतं, आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात. पण सवलतींआधी रेमेडिअल शिक्षक शोधा. आठवड्यातून दोनतीनदा, पाऊण तास, आवाज-अक्षर-जोडाक्षर असं पायरीपायरीनं, वर्ष-दीड वर्ष. कंटाळवाणं असतं आणि त्याला जाहिरात नसते. घरी रोज दहा मिनिटं तुम्ही त्याला वाचून दाखवा, बोट ओळीखाली ठेवून. त्याच्या रात्रीच्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करा, त्यातली एखादी तुम्ही लिहून काढा आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच वाचायला द्या. स्वतःचे शब्द वाचताना मुलं कमी घाबरतात. माझ्या अनुभवात याच्याइतकं स्वस्त आणि कामाचं पुस्तक दुसरं नाही.

तपासणीत काहीच निघालं नाही तर? तर उत्तमच, मग थोडा सराव आणि थोडा धीर. पण ते तपासून कळू दे.

तज्ज्ञांकडे जाताना ठशांची फाइल नेऊ नका, बोलण्यात उगाच तिचीच चर्चा होते. त्याच्या वह्या न्या, तिसरीच्या आणि चौथीच्या दोन्ही, खाडाखोड आहे तशी. नवीन कव्हर घालत बसू नका. आणि गोष्टींचं एक रेकॉर्डिंग न्या, धाकटीचं मध्ये मध्ये "मग काय झालं?" ऐकू येतं तेच.